खाडीच्या बांधावरील सायकलस्वारी

॥ श्री ॥

शके एकोणीसशे चौतीस, नंदननाम संवत्सरे, वर्षाऋतू, ते समयी नगर पनवेल, प्रांत रायगड, येथे जी सायकलस्वारीची मोहीम जाहली तिचे हे बयान. सोसायटीच्या महिला मंडळाच्या अध्यक्षा, अखंडउत्साही, सर्वसभासंचालक, श्रीमती वसुंधराबाई यांची आज्ञा जाहली की, मंडळाच्या 'सोबतीण' उपक्रमाचा वृत्तांत वार्षिक अहवालास अर्धे पान लिहून द्यावा आणि फोटो सोबत जोडावा. आज्ञा मस्तकी घेऊन लिहावयास बसता मजकूर अर्ध्या पानात मावेना, आणि फोटोत तो कोणाचेच तोंड धड ओळखू येईना, चिखलच दिसे. सबब, घरचे कुकर-दूध सांभाळून, फुरसत सापडेल तैसी, जे घडले ते आरंभापासून लिहिले आहे. उणे असेल ते वाचणारांनी पुरते करून घ्यावे. अधिक असेल ते मात्र काटू नये, मोठ्या कष्टाने लिहिले आहे.

तर हकिकत ऐसी जे, मंडळाने यापूर्वी हळदीकुंकू, पाककृतीस्पर्धा आणि प्लास्टिकबंदी ऐशा थोर मोहिमा चालविल्या होत्या, पैकी प्लास्टिकबंदीस थोडके अपयश आले ते असो. मग वसुंधराबाईंचे मनी आले की, आपण उंच इमारतींत राहतो आणि खिडकीतून खाडीकाठची गावे नुसती पाहतो, हे बरे नव्हे. तेथील मुली दहावी होतात आणि पुढे कोणी दोन शब्द सांगणारे नसल्यामुळे घरी बसतात. तरी सोसायटीतील एकेका बाईने एकेका मुलीची सोबतीण व्हावे, आठवड्यास तिची गाठ घ्यावी, तिचे ऐकावे, तिला हिंमत द्यावी. ऐसा ठराव होऊन क्लबहाउसात तालीम जाहली, पडद्यावर चित्रे दाखविली, वडे-चहा जाहला, आणि नामजाद सोबतिणींत तिसऱ्या मजल्यावरील विनिताबाईंचे नाव निघाले.

विनिताबाई म्हणजे माहेर पुणे, सासर नवीन पनवेल, लिफ्ट बहुतकरून बंद. पतिराज राजश्री गुरुदत्तराव कंपनीचे चाकरीत, प्रातःकाळी कूच करीत ते दिवेलागणीनंतर परतत. पुत्र चिरंजीव इंद्रजीतराजे, वयाने अद्याप दोन वर्षांचे आत, परंतु रुबाब सुभेदाराचा. त्यांचा हुकूम घरात कोणी मोडीत नसे, आणि चुकून मोडल्यास ते फरशीवर आडवे पडून दाद मागत. ऐशा गोड नजरकैदेत विनिताबाईंचे दिवस चालले असता मंडळाचा हुकूम आला, आणि त्या इतक्या हर्षाने तयार जाहल्या की वसुंधराबाईंस वाटले, ही बाई समाजसेवेस फारच उत्सुक. खरे पाहता बाईंस चार मोठ्या माणसांची वाक्ये ऐकावयाची होती, ज्यांच्या शेवटी 'भूर्र' नसते.

मग विनिताबाईंनी तालमीत मिळालेला लॅमिनेट केलेला तक्ता बगलेत मारिला, इंद्रजीतराजांस कमरेवर घेतले, आणि रिक्षातून कूच करून खाडीकाठच्या कोळीवाड्यात समाजमंदिराचे ओट्यावर डेरा दिला. तेथे त्यांचे वाट्यास आलेली कन्या हजर होती. नाव कीर्ती, नुकती दहावी पास, होडीचे मुख्य काळूराम तांडेल यांची लेक, आणि पनवेलच्या मासळीबाजारात जिच्या आवाजाने गिऱ्हाईक दोन पावले मागे सरे त्या जनीबाईंची नात. कन्या अंगाने सडपातळ, नजरेने तिखट, आणि ओट्यावर ऐसी बसली होती की पाहुणी आपण नसून समोरची बाई आहे. ती तशी होतीच.

विनिताबाईंनी तक्ता पसरिला आणि तालमीत शिकविल्याबरहुकूम पहिला सवाल टाकिला.

"कीर्ती, दहा वर्षांनी तू स्वतःला कुठे बघतेस?"

कीर्तीबाईंनी तक्त्याकडे पाहिले, त्याचा कोपरा चघळीत बसलेल्या इंद्रजीतराजांकडे पाहिले, आणि जबाब दिला, "दहा वर्सांचा काय ठाव नाय, ताई. नारली पुनवंच्या दुसऱ्या दिशी मी कॉलेजात दिसन का घरात, तां सांगा पयलं."

येणेप्रमाणे तालमीचे सर्व शास्त्र पहिल्याच सवालात गारद जाहले, आणि विनिताबाईंनी तक्ता गुंडाळून राजांचे हवाली केला.

मग खरा मामला समजला तो ऐसा. कीर्तीबाईंस शहरातील कॉलेजात अकरावी शास्त्र शाखेत प्रवेश मिळाला होता. त्या घराण्यात अकरावीचे तोंड कोणी पाहिले नव्हते. प्रवेशाचे दिवशी प्रयोगशाळेचे दार उघडे होते, आत काचेच्या नळ्या ओळीने उभ्या होत्या, त्या पाहून कन्येचे चित्त तेथेच राहिले ते परत गावी आलेच नाही. परंतु कॉलेज भरे सकाळी सातास. गावातून हमरस्त्यास जाणारी सहा आसनी रिक्षा भरल्याखेरीज हालत नसे, आणि भरता भरता ऊन वर येई. जनीबाई पहाटेच मासळीच्या लिलावास बंदरावर जात. पावसाळ्यात समुद्रातील मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, म्हणून तूर्त काळूराम तांडेल स्वतः मेव्हण्याच्या मोटरसायकलवर कन्येस पोहोचवीत होते. तो बंदोबस्त नारळी पौर्णिमेपावेतो. त्या दिवशी दर्यास नारळ अर्पण व्हावयाचा आणि दुसरे पहाटे होड्या सुटावयाच्या. मग तांडेल दर्यात, कन्या गावात, आणि कॉलेज तेथेच, नळ्यांसुद्धा.

विनिताबाई तडक काळूरामांचे अंगणी गेल्या. तांडेल जाळे दुरुस्त करीत बसले होते. त्यांणी मान वर न करिता फर्मावले, "पोरीनं शिकू नये आसा मी बोलत नाय, म्याडम. पन तिला सोडाया मी दर्यातून उडून येऊ काय? दुसऱ्याच्या गाडीवर मागं बसवून मी तिला धाडनार नाय. ती आपली आपन गेली तं जावदे. नाय तं तिची मावशी कोलंबी सोलाया जाते, तिच्यासंगट जाईल."

कीर्तीबाई दारात उभ्या होत्या. त्या नखाने चौकटीचा रंग खरवडीत राहिल्या. विनिताबाईंनी ते पाहिले, आणि पाहताच त्यांचे तोंडून विचाराचे आधी शब्द निघाले.

"मग सायकलने जाईल ती! मी शिकवते!"

काळूरामांनी प्रथमच मान वर केली. "नारली पुनवंपातूर?"

"त्याच्या आधी!"

येथे एक गोष्ट लिहिणे प्राप्त आहे, ती ही की विनिताबाईंस सायकल येत नव्हती. जन्म पुण्याचा, जेथे एके काळी माणसांहून सायकली अधिक होत्या, परंतु लहानपणी थोरल्या बंधूंनी दांडीवर बसवून पर्वतीच्या उतारावरून एकदा सोडिले, तेव्हापासून बाईंनी त्या जनावराशी कायमचा सवतासुभा मांडिला होता. ही बातमी पनवेलात गुरुदत्तरावांखेरीज कोणास नव्हती.

मग अश्वाची तजवीज जाहली. सोसायटीचे पार्किंगात एक जांभळी सायकल बहुत दिवस उभी होती. पहिल्या मजल्यावरील कुमुदकाकूंची नात अमेरिकेस गेली तैसी ती तेथेच राहिली, आणि काकू तिजवर पायपुसणी वाळत घालीत. काकूंकडे मागणे केले, काकूंनी पायपुसणी काढून घेतली आणि सायकल बहाल केली. तीस तेलपाणी केले, हवा भरिली, घंटी वाजविली, आणि घंटी ऐकून इंद्रजीतराजे ऐसे खूश जाहले की ती त्यांणी त्या दिवशी निजेपर्यंत वाजविली.

गुरुदत्तराव कामावरून आल्यावर खलबत बसले. विनिताबाईंनी विचारिले, मुख्य मर्म काय? रावांनी सोफ्यावरून सांगितले, "पुढे बघायचं, पायडल मारायचं. बॅलन्स आपोआप येतो."

"आपोआप म्हणजे कसा?"

"आपोआप म्हणजे…" राव बहुत विचार करून बोलिले, "आपोआप."

इतकी शिदोरी घेऊन बाई मोहिमेवर निघाल्या.

कोळीवाड्यात गावदेवीच्या देवळापुढे पटांगण, पटांगणापासून खाडीच्या कडेने मातीचा बांध, बांधाच्या दोन्ही अंगांस गुडघाभर गाळ. बांधाचे मध्यावर पाणी सोडण्याची उघाडी, तेथे वाट अरुंद होऊन वळण घेई, आणि वळणापलीकडे डांबरी सडक थेट हमरस्त्यास मिळे. ऐसा हा मुलूख सर करावयाचा. जनीबाई बाजार आटोपून आल्या होत्या. त्यांणी इंद्रजीतराजांस मासळीच्या रिकाम्या पाटीत बसविले, हाती एक शिंपली दिली, आणि आपण पाय पसरून तमाशा पाहावयास बसल्या. गावची सर्व पोरे सैन्याप्रमाणे दुतर्फा जमा जाहली.

मग कीर्तीबाई अश्वारूढ जाहल्या, विनिताबाईंनी मागून कॅरियर धरिले, आणि "पुढे बघ! पायडल मार!" ऐसी गर्जना होताच स्वारी निघाली ती अर्ध्या पटांगणातही न जाता डावीकडे आडवी जाहली. पुन्हा उठविली, पुन्हा निघाली, उजवीकडे आडवी जाहली. मग वाळत टाकलेल्या जाळ्यात गेली, ते सोडविता सोडविता दुपार जाहली. मग शिवा नामे शेजाऱ्याच्या कोंबड्यांत गेली, आणि शिवाने येऊन बहुत अपशब्द बोलून कोंबड्या मोजून नेल्या.

"आगो, काय ही पोर का ओला बोंबील?" जनीबाई ओट्यावरून म्हणाल्या. "उभीच राह्यना!"

"आये, तू गप गो!" कीर्तीबाई गुडघा चोळीत आजीवर ओरडल्या. "तूच ये नि बस हिच्यावर!"

"मी बसन तं सायकल मोडंल, पन मी पडायची नाय!"

ऐसे रोज चाले. विनिताबाई राजांस कमरेवर घेऊन येत, पाटीत ठेवीत, कॅरियर धरून धावत, आणि संध्याकाळी ऐशा परतत की वॉचमन प्रथम त्यांस ओळखीत नसे. मोठे नवल हे की जी कन्या हलत्या होडीत डोईवर टोपली घेऊन चाले, जिचा तोल दर्याही ढळवू न शके, ती कोरड्या जमिनीवर दोन चाकांवर क्षणभर टिकेना. आणि पडे ती सावकाश नव्हे, कोणी ढकलून दिल्याप्रमाणे पडे. विनिताबाईंनी गुरुदत्तरावांस पुन्हा विचारिले, रावांनी 'आपोआप'पलीकडे जबाब दिला नाही. इकडे श्रावण लागला, होड्यांस रंग चढू लागले, काळूराम तांडेल जाळी होडीत भरू लागले. कीर्तीबाईंनी कॉलेजातून येताच दप्तर टाकून सायकल घ्यावी, पडावे, उठावे, आणि घरात मात्र कोलंबीच्या मावशीचा विषय निघताच उठून बाहेर जावे, ऐसा क्रम जाहला.

एके दिवशी कन्या ऐसी पडली की कोपर सोलून निघाले. विनिताबाई धावल्या, आणि सवयीने म्हणाल्या, "अगं, पुढे बघ ना! सोपं असतं!"

जनीबाईंनी पान थुंकून हुकूम केला, "सोपा हाय ना, बाय? मंग तू दाखव चालवून. पोर बघंल नि शिकंल."

पटांगणातील सर्व माना बाईंकडे वळल्या, पाटीत राजे तेवढे शिंपली वाजवीत राहिले. विनिताबाई सायकलकडे पाहात राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "मला… मला येत नाही सायकल."

पोरांनी हसावे की न हसावे याचा निकाल होण्याआधी कीर्तीबाई उठल्या. कोपरातून रक्त येत होते, त्याकडे पाहिले नाही.

"तुमाला येत नाय? नि मना सोपा हाय, सोपा हाय बोलताव? मी हितं माजी हाडं मोडून घेते नि तुमी…" वाक्य पुरे जाहले नाही. डोळ्यांत पाणी आले ते रागाचे. "माजा कॉलेज जातंय, ताई. तुमचा काय जातंय?"

आणि ती तडातडा खाडीकडे निघून गेली. भरती लागत होती, रात्रीच्या कालवणापुरते जाळे खाडीत लावलेले होते, ते उपसावयाचे होते. ती लहान होडीचा दोर सोडू लागली.

विनिताबाईंनी जनीबाईंकडे पाहिले. जनीबाईंनी राजांची पाटी आपणाकडे ओढून घेतली आणि हनुवटीने खाडी दाखविली, म्हणजे जा. मग बाई चपला टाकून गाळातून धावल्या, पडल्या, उठल्या, आणि होडीच्या कडेस लोंबकळत ऐशा आत आल्या की होडी उलटता उलटता राहिली.

"कीर्ती, माझं चुकलं. मला आधीच सांगायला हवं होतं."

कीर्तीबाई वल्ही मारीत राहिल्या. मग मागे न वळता बोलिल्या, "तुमी समदा शिकवताव ना? मंग सुकाण घ्या. मागं बसलाव तं कायतरी करा."

हा हुकूम होता. विनिताबाईंनी सुकाणूचा दांडा दोन्ही हातांनी धरिला. उजव्या अंगास तिवरांची दाट झाडी होती, होडी तिकडे झुकत होती, सबब ती डावीकडे न्यावी म्हणून बाईंनी दांडा सर्व बळ लावून डावीकडे ढकलिला. होडी तत्काळ उजवीकडे वळली. बाई घाबरून आणखी डावीकडे ढकलू लागल्या. होडी आणखी वेगाने उजवीकडे चालून गेली, आणि तिवरांवर ऐसा हल्ला केला की फांद्या, चिखल, खेकडे आणि एक जुनी चप्पल यांसह बाई होडीच्या तळास आडव्या जाहल्या.

कीर्तीबाईंनी वळून पाहिले. सोबतिणीच्या केसांत तिवराची पाने, नाकावर गाळ, आणि दांडा अद्याप घट्ट धरलेला. मग राग जो होता तो पोटातून हसू होऊन फुटला, ते थांबेना. हसता हसता त्या म्हणाल्या, "ताई! डाव्या आंगाला जायाचा तं सुकाण उजव्या आंगाला ढकलायचा! उलटा! आमच्या शेंबड्या पोरांना पन ठाव हाय!"

"उलटं?"

"उलटाच तं! मी पयलीत व्हते तवापासून धरते सुकाण. हाताला सांगाया लागत नाय."

विनिताबाई उठून बसल्या. नाकावरचा गाळ पुसावयाचेही भान राहिले नाही.

"कीर्ती. तू सायकलचं हँडल पण उलटंच फिरवतेस."

कीर्तीबाईंचे हसू तेथेच थांबले. त्यांणी आपल्या दोन्ही हातांकडे पाहिले. मग हवेत सायकल धरिली, डावीकडे झुकल्या, आणि हात आपले आपण उजवीकडे गेले.

"मंग कसा फिरवाचा?"

"जिकडे पडतेस तिकडेच! जिकडे जायचं तिकडे!"

"ह्या!" कीर्तीबाई बोलिल्या. "येवडा सोपा आसतंय का कुटं?"

येणेप्रमाणे गनीम कोण हे अखेर उमगले. तो गाळात नव्हता, वळणावर नव्हता, कन्येच्या हातांतच बालपणापासून ठाणे देऊन बसला होता, आणि तो चांगला इमानी चाकर होता, केवळ चाकरी भलत्या जागी करीत होता.

जाळ्यात त्या दिवशी दोन चिंबोऱ्या आणि मूठभर कोळंबी मिळाली. परतताना होडीतच तह जाहला. कलमे ऐसी की, यापुढे 'सोपे आहे' हा शब्द कोणी उच्चारू नये, सायकल दोघींनी शिकावी, एकीने पडावे तेव्हा दुसरीने खुशाल हसावे, पण उचलण्यास हात द्यावा.

मग मोहिमेचा रंग पालटला. हात एका दिवसात ऐकणारे नव्हते, त्यांस समजाविणे प्राप्त होते. सबब कीर्तीबाईंनी स्वारी करिता करिता मोठ्याने बजावीत जावे, "होडी नाय! होडी नाय! होडी नाय!" आणि हात बिथरताच आवाज चढवावा. ही रणगर्जना गावच्या पोरांस ऐसी आवडली की तीही दुतर्फा धावत "होडी नाय!" म्हणून गाजवू लागली, आणि पाटीत उभे राहून इंद्रजीतराजे "ओई नाय" म्हणत, ते त्यांचे पहिले पुरे वाक्य ठरले. घरी गुरुदत्तरावांनी दूध पुढे केले तरी राजे म्हणत "ओई नाय", रावांस अर्थ लागेना.

विनिताबाई पडल्या त्याचे सविस्तर वर्णन करीत नाही. जनीबाईंचे मत इतकेच पडले की, "ही बाय पन बोंबीलच, पन सुका हाय, मोडंल." तरी कीर्तीबाई कॅरियर धरून मागे धावत, "पुढं बगा! पायडल मारा!" म्हणत, आणि बाई पडल्या की आधी पोटभर हसत, मग हात देत. कीर्तीबाईंचे पटांगण सर जाहले. बांधाचा पहिला टप्पा सर जाहला. उघाडीचे वळण मात्र सर होईना. तेथे वाट अरुंद होताच दोन्ही बाजूंचे पाणी नजरेस पडे, पाणी दिसताच हातांस होडी आठवे, आणि कन्या गाळात जाई. विनिताबाई कॅरियर धरून धावत असताही जाई, आणि कित्येकदा बाईंसही सोबत नेई.

ऐशात नारळी पौर्णिमा आली. होड्यांस पताका लागल्या, कोळणींनी सोन्याचे दागिने घातले, वाजतगाजत नारळ दर्यास गेला, नारळीभाताचे डबे सोसायटीत तिसऱ्या मजल्यापावेतो पोहोचले. कीर्तीबाईंनी नवे लुगडे नेसून नाच केला, परंतु मधूनच नाच सोडून ती बांधाकडे पाहून येई, हे विनिताबाईंच्या ध्यानी आले. काळूराम तांडेल इतकेच म्हणाले, "उंद्या सकाली बगू." रागाने नव्हे. उलट ऐसे म्हणाले की जणू निकाल भलता लागेल याचे भय त्यांसच आहे.

दुसरे दिवशी तांबडे फुटता विनिताबाई कोळीवाड्यात हजर जाहल्या. त्या दिवसापुरती गुरुदत्तरावांनी अर्धी रजा टाकून राजांची सुभेदारी सांभाळिली होती. ओहोटी चालू होती, होड्यांपुरते पाणी उरले होते. होड्या एकामागून एक सुटत होत्या. काळूरामांची होडी दोर सोडून तयार, सोबतचे खलाशी वर बसलेले, आणि तांडेल मात्र सुकाणूपाशी उभे राहून किनाऱ्याकडे तोंड करून होते. खलाशी म्हणाले, "तांडेल, पानी उतरंल!" तांडेल म्हणाले, "उतरू दे." लिलावास जाणाऱ्या बायांचा टेंपो भोंगा वाजवीत होता, आणि जनीबाई त्यात न बसता रिकामी टोपली घेऊन बांधाचे तोंडाशी उभ्या होत्या. बाकी बायांनी हाका मारिल्या, त्यांस जनीबाईंनी असा हात केला की पुन्हा कोणी हाक मारिली नाही.

कीर्तीबाई गणवेशात, दप्तर पाठीस, वेणी घट्ट. घरचा एकुलता मोबाइल काळूरामांनी तिचे दप्तरात घातला होता. करार ऐसा की पोहोचताच विनिताबाईंस मिस्ड कॉल द्यावा, बाईंनी तो गावात कळवावा. मग स्वारी निघाली. विनिताबाईंनी कॅरियर धरिले आणि मागून धावू लागल्या. "होडी नाय, होडी नाय," कन्या पुटपुटत होती. पटांगण मागे पडले, बांध लागला, दोहीं अंगांस पाणी चमकू लागले, आणि पुढे उघाडीचे वळण दिसू लागले. सायकल डोलू लागली. विनिताबाईंनी कॅरियर अधिक घट्ट आवळिले. सायकल अधिकच डोलू लागली.

"ताई," कीर्तीबाई पुढेच पाहात बोलिल्या, "सोडा."

"अगं, वळण आहे! पडशील!"

"तुमी धरताव म्हनून ती डोलते. मी एकीकडं नेते, तुमी दुसरीकडं खेचताव. सोडा, ताई!"

हे विनिताबाईंस नवे नव्हते. कित्येक दिवस त्यांच्याही हातांस ठाऊक होते. परंतु हात सुटेना. दोन दिवसांपूर्वी याच वळणावर ही आपणांसही घेऊन गाळात गेली होती, आणि पलीकडे हमरस्ता, त्यावर पळस्प्याकडे धावणारे ट्रक, आणि हिला ब्रेक अद्याप उशिरा आठवतो, आणि डबा दप्तरात आहे की ओट्यावरच राहिला, ऐसे सर्व एका श्वासात मनी आले. आणि धावता धावता बाईंस हेही दिसले की आपण हात धरून हिला पैलतीरी नेऊ म्हणतो, तेथवर आपली धाव नाहीच. आपले पाय उघाडीपाशी दमणार, पुढे हिचीच चाके.

मग विनिताबाईंनी हात सोडिला.

सायकल एकदा डावीकडे झुकली. किनाऱ्यावर जनीबाईंची टोपली हातातून खाली आली. होडीत काळूराम तांडेलांचा हात आपोआप सुकाणूवर घट्ट जाहला. आणि कीर्तीबाईंनी डावीकडेच हँडल वळविले, सायकल सावरली, उजवीकडे झुकली, उजवीकडे वळविले, पुन्हा सावरली, आणि उघाडीचे वळण घेऊन स्वारी पलीकडे डांबरी सडकेस लागली.

विनिताबाई गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकीत उभ्या होत्या. कन्येने मागे वळून पाहिले नाही. त्याचे कारण कृतघ्नता नव्हे, मागे वळून पाहात सायकल चालविण्याची विद्या तिला अद्याप आली नव्हती. वेणी लहान होत गेली, मग जांभळा ठिपका, मग तोही नाही.

तेव्हा काळूरामांनी होडी सोडिली. जाताना त्यांणी बांधाकडे हात वर केला, म्याडमसाठी की सडकेसाठी, ते दुरून कळले नाही. जनीबाईंनी टोपली उचलली, विनिताबाईंपाशी आल्या, आणि बाईंच्या पाठीवर ऐसी थाप मारिली की उरलेली धाप एकदम बाहेर आली. "चल, बाय. च्या पिऊ. टेंपो तं गेला, आता दुपारच्याला जाईन."

चहा पिताना दोघी विनिताबाईंचा मोबाइल आपल्या मधोमध ठेवून बसल्या. तो वाजेना. चहा निवाला. जनीबाईंनी बटन तर बिघडले नाही ना, म्हणून मोबाइल उलटा करून पाहिला. आणि मग तो वाजला, आणि विनिताबाईंनी हर्षाचे भरात करार विसरून तो उचलिला.

"हॅलो! कीर्ती! पोचलीस?"

"ताई! उचललाव कशाला? मिस्ड कॉल व्हता ना! बॅलन्स गेला माजा!" पलीकडून कन्या कडाडली. मागे घंटा वाजत होती, मुलींचा गलका होता. "पोचले. पयला तास प्रयोगशालेत हाय. आयेला सांगा. ठेवते, सर आले!"

आणि ठेविला.

जनीबाईंनी विचारिले, "काय बोलली?"

"ओरडली मला," विनिताबाई म्हणाल्या, आणि चहाच्या पेल्यात तोंड घालून हसू लागल्या, ते हसू की रडू, हे जनीबाईंनी विचारिले नाही.

येणेप्रमाणे शके एकोणीसशे चौतीस, श्रावण वद्य प्रतिपदा, प्रातःकाळी, तांडेल काळूराम यांची कन्या कीर्तीबाई खाडीचा बांध आणि उघाडीचे वळण एकटीने सर करून, अंगास गाळ न लागता, कॉलेजाचे पहिल्या तासास दाखल जाहल्या. मुलूख कायम जाहला. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा गेल्या, आणि तिसऱ्या दिवशी कोणी पाहावयास उभे राहिले नाही. ऐसी ही फत्ते जाहली, ती लिहिली असे. शुभं भवतु.